फोटोभोवतीची रिकामी जागा: आधी मालक शोधा, मग कात्री चालवा

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतेय. बोलताना जे म्हटलं तेच लिहिलंय, फक्त अडखळणं आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यावर काय अख्खा भाग करायचा? विषय आहे, डॉक्युमेंटमध्ये फोटो टाकला की त्याच्या आजूबाजूला नको असलेली पांढरी जागा का येते आणि ती घालवायची कशी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्या टीमचं रोजचं काम म्हणजे माहितीतून रिपोर्ट आणि पीडीएफ तयार करणं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक वाक्य सतत असतं: “फोटोच्या खाली एवढी जागा का सुटलीय?” प्रोजेक्टचं ब्लॅक बुक करणारे, नोकरीचा फॉर्म भरणारे, लग्नाची पत्रिका वर्डमध्ये बनवणारे, सगळेच कधी ना कधी या पांढऱ्या जागेशी भांडलेले असतात.

आणि भांडण बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं होतं. फोटो पकडायचा, ओढायचा, सोडायचा. तो भलतीकडेच जाऊन बसतो. मग अनडू. मग परत ओढायचा. अर्धा तास गेला की माणूस म्हणतो, राहू दे असंच. तर आज आपण ओढाओढी बंद करणार आहोत आणि आधी एक प्रश्न विचारणार आहोत: ही रिकामी जागा आहे कुणाची?

चार मालक

रिकाम्या जागेला मालक असतो. डॉक्युमेंटमध्ये कुठलीच जागा उगाच सुटत नाही, कुणीतरी ती मागितलेली असते. मागणारे चारच. पहिला, फोटो स्वतः. दुसरा, फोटोभोवतीचं कुंपण, ज्याला वर्डमध्ये रॅपिंग म्हणतात. तिसरा, ज्या परिच्छेदात फोटो बसलाय तो परिच्छेद. आणि चौथा, पान.

ओळखायचं कसं? फोटोवर एकदा टॅप करा. त्याच्याभोवती एक चौकट येईल, कोपऱ्यांवर छोटे गोल दिसतील. आता बघा, नको असलेली जागा चौकटीच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर मालक फोटोच आहे. डॉक्युमेंटची कुठलीही सेटिंग बदलून काही होणार नाही, फोटोच कापायला लागेल. बाहेर असेल तर पुढे बघायचं. मजकूर फोटोला वळसा घालून जातोय आणि मध्ये फट आहे, तर रॅपिंग. फोटोच्या वर किंवा खाली बोटभर पट्टी सुटलीय, तर परिच्छेद. अख्खं अर्धं पान कोरं, तर पान.

एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं. पण मालक सापडल्यावर करायचं काय, ते एका खऱ्या कामावरून सांगते.

स्मरणिकेचे आठ फर्मे

माझा मामा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होता, आता निवृत्त झालाय. त्याच्या शाळेला 50 वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. ए-फाइव्ह आकाराचं पुस्तक, फाइल वर्डमध्ये, फोटो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. फाइल झाली 118 पानांची.

आता छपाईचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रेसमध्ये पुस्तक पानांवर मोजत नाहीत, फर्म्यांवर मोजतात. मामाच्या प्रेसचा फर्मा 16 पानांचा. म्हणजे 118 पानांना सात फर्मे पुरत नाहीत, कारण सात फर्म्यांची 112 पानं होतात. वरच्या सहा पानांसाठी आठवा फर्मा घ्यावा लागतो. आणि जमलेली वर्गणी होती सहा फर्म्यांपुरती, म्हणजे 96 पानांची.

कमिटीनं तोडगा काढला की शेवटचा ‘आठवणी’ विभाग काढून टाकायचा. 24 पानं. त्यात होतं काय? सातवीनंतर शाळा सुटलेल्या बायकांनी लिहिलेल्या आठवणी. त्यातल्या कितीतरी जणींनी लग्नानंतर पहिल्यांदाच हातात पेन धरलं होतं. अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, जाहिराती हे सगळं राहणार आणि हे जाणार. मामाला ते पटेना. त्याचा फोन आला, “अगं, तू कॉम्प्युटरमधली ना, जरा बघतेस का काही होतंय का?” मी म्हटलं, “मामा, आधी फाइल पाठव. कापायचं काय ते नंतर बघू.”

फाइल उघडली आणि पानं नुसती भराभर खाली सरकवली. पांढरंच पांढरं. मजकूर जास्त नव्हताच, हवा जास्त होती. मग एकेका मालकाला पकडायला सुरुवात केली.

पहिला मालक: फोटो स्वतः

जुने फोटो कुणीतरी तालुक्याला जाऊन स्कॅन करून आणले होते. स्कॅनरची काच ए-फोरची. फोटो पोस्टकार्डाएवढा, चार इंच बाय सहा इंच. स्कॅन करणाऱ्यानं पूर्ण काच स्कॅन केली. गणित करा. फोटोचं क्षेत्रफळ 24 चौरस इंच, ए-फोरचं साधारण 97. म्हणजे फाइलमधल्या ‘फोटो’त खरा फोटो फक्त चौथा हिस्सा आणि तीन हिस्से पांढरी काच. तो पानाच्या पूर्ण रुंदीला बसवला की मुलांचे चेहरे तांदळाएवढे आणि खाली मोकळं मैदान.

उपाय सोपा आहे. फोटो निवडा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘क्रॉप’ घ्या, काळ्या जाड खुणा आत ओढा. फोनवरच्या वर्डमध्येही क्रॉप आहे. पण फोटो खूप असतील तर डॉक्युमेंटमध्ये टाकण्याआधीच गॅलरीत कापून घेतलेले बरे.

इथे तीन बारकावे सांगते.

एक, वर्डमधलं क्रॉप कापत नाही, झाकतं. कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. कुणीही ‘रीसेट पिक्चर अँड साइझ’ केलं की तो परत दिसतो. म्हणून ओळखपत्राचा नंबर किंवा बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा लपवायला क्रॉप केलं असेल, तर त्यावर विसंबू नका. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कापलेला भाग कायमचा पुसायचा पर्याय असतो, तो निवडून फाइल सेव्ह करा. फाइलचा आकारही उतरतो. आणि हे फक्त वर्डपुरतं नाही. 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापायच्या साधनात एक दोष सापडला होता. कापून सेव्ह केलेल्या चित्रातून कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. त्याला ‘अक्रोपॅलिप्स’ असं नाव पडलं आणि नंतर दुरुस्तीही आली. मुद्दा एवढाच की दिसत नाही म्हणजे गेलं, असं धरून चालू नका.

दोन, स्कॅनमधलं पांढरं खरं पांढरं नसतं. ते पिवळसर, करडं, थोडं ठिपक्याठिपक्यांचं असतं. म्हणून आपोआप कडा कापणारी साधनं कधीकधी काहीच कापत नाहीत. त्यांना कडेला एकसारखा रंग लागतो. इमेजमॅजिक वापरणाऱ्यांनी ‘ट्रिम’सोबत ‘फझ’ द्यायचं, म्हणजे ‘साधारण पांढरं’ही पांढरं धरलं जातं.

तीन, लोगो. पीएनजी लोगोभोवती पारदर्शक जागा असते. पांढऱ्या पानावर ती दिसतच नाही, पण जागा मात्र खाते. ओळखायचं असेल तर लोगो काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून निवडा. चौकट कुठपर्यंत जाते ते लगेच कळतं.

स्मरणिकेत असे 17 फोटो निघाले. ते कापले, त्यांना योग्य आकार दिला. नऊ पानं वाचली आणि चेहरेही ओळखू यायला लागले.

दुसरा मालक: कुंपण

वर्डमध्ये फोटो दोन प्रकारे बसतो. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ म्हणजे फोटो हे एक मोठ्ठं अक्षर आहे असं समजायचं. ओळीतल्या बाकीच्या अक्षरांसारखाच तो वागतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘स्क्वेअर’, ‘टाइट’, ‘टॉप अँड बॉटम’ वगैरे. तिथे फोटो तरंगतो आणि मजकूर त्याला वाट देतो.

‘स्क्वेअर’मध्ये वर्ड डावीकडे आणि उजवीकडे 0.13 इंच, म्हणजे तीनेक मिलिमीटर जागा स्वतःहून सोडतं. गूगल डॉक्समध्ये ‘रॅप टेक्स्ट’ केलं की इंचाचा आठवा भाग सुटतो, म्हणजे तेवढंच. एरवी ही जागा चांगली असते, अक्षरं फोटोला चिकटत नाहीत. पण दोन छोटे फोटो शेजारी शेजारी लावायचे असतील तर दोघांची कुंपणं मध्ये येतात. वर्डमध्ये ‘रॅप टेक्स्ट’ खाली ‘मोअर लेआउट ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्टन्स फ्रॉम टेक्स्ट’ असतं, तिथे आकडा कमी करा.

‘टॉप अँड बॉटम’ निवडलं तर फोटो कितीही अरुंद असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर येत नाही. पासपोर्ट आकाराचा फोटो आणि उजवीकडे पूर्ण रिकामं पान, असं दिसलं की हे समजून जा.

दोन फोटो शेजारी लावायचे असतील तर मी सरळ दोन रकान्यांचं टेबल करते, रेघा काढून टाकते आणि प्रत्येक रकान्यात एक फोटो टाकते. फोटो जागचे हलत नाहीत. फक्त रकान्यालाही आतून समास असतो, तो ‘सेल मार्जिन्स’मध्ये शून्य करायचा.

तिसरा मालक: परिच्छेद

हा सगळ्यात छुपा. फोटो ‘इन लाइन’ असेल तर तो परिच्छेदाचे सगळे नियम पाळतो. वर्ड 2013 पासून साध्या परिच्छेदाला खाली 8 पॉइंट जागा ठरलेली असते. 72 पॉइंटचा एक इंच, म्हणजे 8 पॉइंट हे जवळजवळ तीन मिलिमीटर. फोटोच्या परिच्छेदाला 8, वर एक रिकामा एन्टर, त्यालाही 8, शिवाय त्या रिकाम्या ओळीची स्वतःची उंची. बघता बघता दोन बोटं जागा जाते.

यात आपल्या मराठीची एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरं एका आधाररेषेवर बसतात आणि काहींच्या शेपट्या खाली लोंबतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं आणि वर वेलांटी, मात्रा, रफार. त्यामुळे देवनागरी फाँट ओळीसाठी जास्त उंची मागतात. मंगल फाँटची ओळ याच कारणानं उंच दिसते. फोटो ज्या ओळीत बसलाय तिचा फाँट देवनागरी असेल, तर फोटोखाली उकारांसाठी राखलेली पट्टी सुटते. त्या ओळीत एकही अक्षर नसलं तरी!

उपाय: फोटोसाठी वेगळी स्टाइल करून ठेवा. बिफोर शून्य, आफ्टर हवं तेवढंच, ओळींमधलं अंतर ‘सिंगल’, पहिल्या ओळीचं इंडेंट शून्य. इंडेंट महत्त्वाचं आहे. मराठी पुस्तकांत परिच्छेदाची पहिली ओळ आत घेतात, मग फोटोही आत सरकतो आणि ‘सेंटर’ करूनही मध्यभागी दिसत नाही. आणि ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. त्यानं उलटंच होतं, फोटोची फक्त एक पट्टी दिसते, बाकीचा गायब.

वेबसाइट बनवणाऱ्यांनो, तुमचाही हाच रोग आहे. एचटीएमएलमध्ये चित्र हे आपोआप ओळीतलं अक्षरच असतं आणि आधाररेषेवर बसतं. खाली शेपट्यांसाठी जागा सुटते. ‘डिस्प्ले ब्लॉक’ करा किंवा ‘व्हर्टिकल अलाइन’ बदला, फट गेली. ही फट इतकी जुनी आहे की 2002 च्या सुमारास, जेव्हा साइट्स टेबलात चित्रांचे तुकडे जोडून बनवत, तेव्हा मोझिलाला ब्राउझरमध्ये ‘जवळजवळ प्रमाणित’ असा एक वेगळा मोडच आणावा लागला. कारण नियम तंतोतंत पाळले तर सगळ्या चित्रांच्या तुकड्यांमध्ये चिरा पडत होत्या!

चौथा मालक: पान

स्मरणिकेत सर्वात जास्त जागा इथे गेली होती. पानावर सहा सेंटिमीटर जागा उरलीय आणि फोटो सात सेंटिमीटर उंच आहे. ओळीतलं अक्षर अर्धं तोडता येत नाही, तसा फोटोही तोडता येत नाही. तो पुढच्या पानावर उडी मारतो आणि मागे सहा सेंटिमीटर कोरी राहते. यावर साधे दोन इलाज: फोटो थोडा लहान करा, किंवा त्याच्या पुढचा एखादा परिच्छेद उचलून फोटोच्या आधी आणा. ‘शेजारचा फोटो’ऐवजी ‘क्रमांक 12 चा फोटो’ असं लिहिलं असेल तर फोटो थोडा मागेपुढे झाला तरी वाचणाऱ्याचं अडत नाही.

पण कधीकधी जागा पुरेशी असूनही फोटो उडी मारतो. तेव्हा लपलेल्या खुणा बघा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबा. गूगल डॉक्समध्ये कॉम्प्युटरवर ‘व्ह्यू’मध्ये ‘शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स’ आहे. या खुणा दिसल्या की कुणी किती एन्टर मारलेत, कुठे पेज ब्रेक टाकलाय, सगळं उघडं पडतं. परिच्छेदाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन दिसला तर त्याला ‘कीप विथ नेक्स्ट’सारखा नियम लावलेला असू शकतो, म्हणजे ‘मी पुढच्याला सोडून राहणार नाही’. मथळ्यांच्या तयार स्टाइलमध्ये हा नियम असतोच. आता मथळा फोटोला धरून, फोटो ओळखओळीला धरून, ओळखओळ पुढच्या परिच्छेदाला धरून. आगगाडीच झाली ना! एक डबा मावला नाही की अख्खी गाडी पुढच्या पानावर. ‘पॅराग्राफ’मधल्या ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ टॅबवर जाऊन नको तिथला ‘कीप विथ नेक्स्ट’ काढा. फोटो आणि ओळखओळ यांच्यातला मात्र राहू द्या.

तरंगणाऱ्या फोटोला नांगर असतो. फोटो निवडला की परिच्छेदाशेजारी नांगराची खूण दिसते. फोटो आणि त्याचा नांगर एकाच पानावर राहतात. फोटो ओढल्यावर भलतीकडे जातो तो बहुतेक वेळा या नांगरामुळे. फोटोऐवजी नांगर योग्य परिच्छेदाला नेऊन लावा.

स्मरणिकेत उड्या मारणारे फोटो आवरून 10 पानं वाचली. फोटो खाली ढकलायला मारलेले एन्टर आणि जागोजागी पडलेले पेज ब्रेक काढून आणखी चार. नऊ, 10 आणि चार, एकूण 23. 118 चे राहिले 95. सहा फर्मे, आणि वर एक पान शिल्लक! मामानं त्या पानावर पहिल्या वर्गाच्या हजेरीपटाचा फोटो लावला. आठवणींची सगळी 24 पानं जशीच्या तशी छापली गेली. एकही ओळ कापावी लागली नाही.

लेटेकवाल्यांसाठी दोन मिनिटं

ब्लॅक बुक लेटेकमध्ये करणारे श्रोते मेसेज करतील म्हणून आधीच सांगते. तिथे ‘फिगर’ मुळातच तरंगते, कुठे बसायचं ते लेटेक ठरवतं. मधे आणायला ‘सेंटर’ हे एन्व्हायर्नमेंट वापरलं तर ते वर-खाली स्वतःची जागा घालतं. त्याऐवजी ‘सेंटरिंग’ ही आज्ञा वापरा. प्रत्येक फिगरला ‘एच’ लावून तिथेच खिळलंत, तर पानाचा तळ रिकामा राहणारच. एच, टी, बी, पी असे चारही पर्याय द्या, त्याला निवडायला वाव मिळू दे. आलेख पीडीएफमध्ये असेल आणि त्याच्याभोवती समास असेल तर ‘पीडीएफक्रॉप’ चालवा. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमधून आलेख काढत असाल तर सेव्ह करतानाच ‘बीबॉक्स इंचेस’ला ‘टाइट’ द्या. रोग मुळाशीच गेला.

आणि फोनवर?

तुमच्यातले बहुतेक जण फोनवर ऐकताय, तेव्हा फोनचं बोलू. फोटो किंवा स्क्रीनशॉट ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ केला की बाजूंना पट्ट्या येतात. हा दोष अ‍ॅपचा नाही, प्रमाणाचा आहे. ए-फोर 210 बाय 297 मिलिमीटर. म्हणजे रुंदीच्या 1.414 पट उंची. फोनचा उभा फोटो साधारण तीनास चार असतो. तो पूर्ण रुंदीला बसवला तर 280 मिलिमीटर उंच होतो, फक्त 17 उरतात. पण हल्लीच्या लांबट फोनचा स्क्रीनशॉट नवास 20 असतो. तो पूर्ण उंचीला बसवला की रुंदी भरते जेमतेम 134 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना 38-38 मिलिमीटर कोरं! म्हणून आधी स्क्रीनशॉटमधली वरची सूचनांची पट्टी, खालची बटणं कापा, हवा तेवढा भाग ठेवा, मग पीडीएफ करा. कागदाचा फोटो असेल तर कॅमेऱ्याऐवजी स्कॅनर अ‍ॅप वापरा, ते कागदाच्या कडा धरून कापतं.

आणि ही जागा सगळ्यात महाग कुठे पडते माहितीये? सहीच्या फोटोत. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मसाठी सही 140 बाय 60 पिक्सेलची लागते. कोऱ्या कागदाच्या मधोमध सही केली, पूर्ण कागदाचा फोटो काढला आणि तो त्या मापात दाबला. सही कागदाच्या एक तृतीयांश रुंदीची असेल तर तिच्या वाट्याला आले 47 पिक्सेल. ती सही राहत नाही, मुंगी होते. सही अस्पष्ट असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाचं एवढ्या पांढऱ्या कागदापायी अडायला नको. सही मोठी करा, सहीच्या कडेपर्यंत कापा आणि मगच माप कमी करा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. नेमकं माप मात्र त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा.

सगळीच जागा वाईट नसते

एक सांगायचं राहिलं. रिकामी जागा दिसली की फोटो ताणून भरून टाकायचा मोह होतो. बाजूच्या गोलाला धरून ओढलं की हेडमास्तर आडवे सुटतात. ओढायचं तर कोपऱ्यातूनच, म्हणजे प्रमाण सांभाळलं जातं. पुस्तक शिवलं जाणार असेल तर शिवणीच्या बाजूला जास्त समास लागतोच, तो खाऊ नका, नाहीतर फोटोतला शेवटचा माणूस घडीत जातो. फोटो आणि मजकूर यांच्यामध्येही थोडा श्वास हवा. आपल्याला घालवायचीय ती कुणीच न मागता सुटलेली जागा.

तर मंडळी, क्रम परत एकदा सांगते, स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोटोवर टॅप करा. जागा चौकटीच्या आत असेल तर कापा. बाजूला असेल तर रॅपिंगचं अंतर बघा. वर-खाली पट्टी असेल तर परिच्छेदाची जागा आणि फाँट बघा. पान कोरं असेल तर लपलेल्या खुणा उघडून एन्टर, पेज ब्रेक, ‘कीप विथ नेक्स्ट’ आणि नांगर तपासा. आणि शेवटी पीडीएफ करून ती फोनवर पूर्ण बघा, मगच प्रिंटवाल्याकडे जा. तिथे दर पानाला पैसे लागतात, कोऱ्या पानालाही.

या आठवड्याचं काम: तुमच्याकडची एक जुनी फाइल उघडा, ब्लॅक बुक असू दे नाहीतर बायोडाटा, आणि त्यात चारपैकी किती मालक सापडतात ते मोजा. किती पानं वाचली ते मला कळवा. पुढच्या भागात बघूया, मराठी मजकूर पीडीएफमधून कॉपी केला की त्याची अक्षरं का मोडतात. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!